छायाचित्र झाकून वाचावी अशी ड्राफ्ट मार्गदर्शिका

एप्रिलच्या तोंडावर आमच्या ओहायोतील घरी दरवर्षी एक जाडजूड पुस्तक टपालाने येते. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंना एनएफएल या व्यावसायिक लीगचे 32 संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने उचलतात. या वार्षिक निवडीला ड्राफ्ट म्हणतात आणि तिथे ज्यांची नावे पुकारली जातील असा अंदाज असतो, अशा शेकडो मुलांची टिपणे या पुस्तकात असतात. 2018 पासून मी ते विकत घेत आले आहे. सुरुवातीला मुलाच्या हट्टापायी घेतले, आता त्याच्याआधी मीच पाकीट फोडते. हे परीक्षण यंदाच्या आवृत्तीचे आहे. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाविषयी पुढे लिहिणार आहे तो या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आढळतो, आणि त्यांपैकी बऱ्या पुस्तकालाच तेवढे चव्हाट्यावर उभे करणे न्यायाचे होणार नाही.

छापील प्रतीची किंमत 35 डॉलर आणि पीडीएफची 20 डॉलर आहे. कागद बेताचा असला तरी शिवण पक्की आहे. स्वयंपाकघरातील टेबलावर महिनाभर उघडे-मिटे होऊनही एकही पान सुटलेले नाही. आकड्यांच्या बाबतीत हे पुस्तक चोख आहे. प्रत्येक खेळाडूची उंची, वजन, हाताची लांबी आणि आपण जिला वीत म्हणतो ती अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची रुंदी इंचाच्या आठव्या भागापर्यंत दिलेली असते. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे संघांच्या निरीक्षकांसमोर होणाऱ्या शारीरिक चाचण्यांत, त्याने 40 यार्ड किती सेकंदांत कापले आणि त्यातले पहिले 10 यार्ड किती सेकंदांत, हे वेगवेगळे नोंदवलेले असते. कोणत्या हंगामात कोणता सांधा दुखावला, किती सामने बुडाले, मैदानावर तो कोणत्या जागी किती वेळा उभा राहिला, हे सारे एका चौकटीत सापडते. या चौकटीसाठी पैसे मोजायला माझी तक्रार नाही.

चौकट संपली की तिच्याखाली दीडएकशे शब्दांचा परिच्छेद येतो आणि तिथे आकड्यांची जागा विशेषणे घेतात. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे वाक्यात क्रियापदाआधी विशेषण दिसण्याची खोड मला जडली आहे. दोन वर्षांपूर्वी तांबडी पेन्सिल घेऊन वाचत असताना लक्षात आले की या पुस्तकात विशेषणांची दोन वेगळी दुकाने आहेत. एका दुकानात ‘खेळाची जाण’, ‘फुटबॉल आयक्यू’, ‘जिम रॅट’ (व्यायामशाळेत मुक्काम ठोकणारा), ‘सरावाला पहिला येतो आणि शेवटी जातो’, ‘दिसतो त्यापेक्षा वेगवान’ हा माल मिळतो. दुसऱ्यात ‘उपजत’, ‘स्फोटक’, ‘फ्रीक’ (अचाट शरीराचा), ‘कच्चा पण अफाट’, ‘निसर्गाने दिलेली देणगी’ हा. कोणते गिऱ्हाईक कोणत्या दुकानात जाणार, हे टिपणाशेजारच्या छायाचित्रावरून बहुतेक वेळा आधीच ओळखता येते.

संशय खरा की आपल्याच मनाचा खेळ, हे पाहण्यासाठी यंदा आम्ही एक उद्योग केला. मी वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) आणि क्वार्टरबॅक (पास देणारे) या दोन विभागांतील सगळी छायाचित्रे आणि नावे पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांनी झाकली. मुलाला त्यांतले अनेक चेहरे आधीच पाठ असल्यामुळे त्याला बाद करून, ज्यांना फुटबॉलमधले ओ की ठो कळत नाही अशा माझ्या नणंदेला टिपणे वाचून दाखवली आणि एवढेच विचारले की हा मुलगा गोरा असेल की कृष्णवर्णीय. त्यांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते, खेळाडू ठाऊक नव्हते, ‘रूट’ म्हणजे रिसीव्हरने पळायची आखलेली वाट हेही त्यांना मीच सांगितले. तरीही त्यांचे बहुसंख्य अंदाज बरोबर निघाले. आठ-दहा टिपणांनंतर त्या म्हणाल्या, “अगं, ज्याच्या डोक्याचं कौतुक तो गोरा आणि ज्याच्या पायांचं कौतुक तो काळा, इतकं सोपं आहे हे.” एका घरातल्या एका संध्याकाळचा हा खेळ आहे, त्याला मी अभ्यास म्हणणार नाही. परंतु 35 डॉलर देऊन जे मत मी विकत घेते, ते चिठ्ठी न उचलताच ओळखता येत असेल तर त्यात निरीक्षण किती आणि सवय किती, असा प्रश्न ग्राहक म्हणून मला पडतो.

ही सवय पुस्तकाच्या लेखकांनी जन्माला घातलेली नाही. ती या खेळाच्या हाडीमाशी भिनलेली आहे. 1934 ते 1945 या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1946 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतल्यावर दार किलकिले झाले, आणि राजधानीच्या संघाने तर 1962 पर्यंत ते लावूनच ठेवले होते. दार उघडल्यावर प्रश्न आला तो आतल्या जागांचा. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग या समाजशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये बेसबॉल आणि फुटबॉलमधील जागांची वर्णानुसार मोजदाद करून दाखवून दिले की रचनेच्या मध्यभागी असणाऱ्या, ज्यांचा इतर अनेकांशी सतत संबंध येतो अशा जागा गोऱ्यांकडे एकवटल्या आहेत आणि कृष्णवर्णीय खेळाडू कडेच्या जागांवर दाटीने उभे आहेत. फुटबॉलमध्ये मध्य म्हणजे क्वार्टरबॅक, त्याच्याकडे चेंडू सरकवणारा सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे गार्ड आणि बचावफळीला हाका देणारा मधला लाइनबॅकर. कड म्हणजे रिसीव्हर आणि त्याच्या मागे धावणारा कॉर्नरबॅक. या प्रकाराला ‘स्टॅकिंग’ हे नाव रूढ झाले आहे. मराठीत मी त्याला थप्पी लावणे म्हणेन. थप्पीचा जाच असा की चाळीस जण त्याच दोन-तीन जागांसाठी आपापसांत झुंजतात आणि शेजारची रिकामी खुर्ची त्यांना दाखवलीच जात नाही.

क्वार्टरबॅकच्या खुर्चीपाशी हे सर्वांत उघडपणे घडले. प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे जावा हे ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, तो खेळाडू कृष्णवर्णीय असू शकतो हे मालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या गळी उतरायला कित्येक दशके लागली. मार्लिन ब्रिस्को यांनी 1968 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून पहिल्याच हंगामात 14 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. नवोदिताचा हा संघविक्रम 2024 मध्ये बो निक्स यांनी मोडेपर्यंत टिकला होता. पण ब्रिस्को यांना मात्र पुढच्याच वर्षी बफेलोला जाऊन रिसीव्हर व्हावे लागले. टोनी डन्जी मिनेसोटा विद्यापीठाचे क्वार्टरबॅक होते. 1977 मध्ये कोणत्याही संघाने त्यांना ड्राफ्टमध्ये निवडले नाही आणि पिट्सबर्गने घेतले ते बचावाच्या मागच्या फळीतला सेफ्टी म्हणून. त्याच हंगामात संघाचे क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर त्यांना अडीअडचणीला त्या जागी उभे करण्यात आले आणि एकाच सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा पास अडवण्याची आणि स्वतःचा पास अडवला जाण्याची विलक्षण नोंद त्यांच्या नावावर झाली. वॉरन मून यांची गोष्ट तर प्रत्येक निरीक्षकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावी अशी आहे. जानेवारी 1978 मधील रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरूनही एनएफएल आपल्याला क्वार्टरबॅक म्हणून घेणार नाही हे दिसताच, दुसरी जागा पत्करण्याऐवजी त्यांनी कॅनडाची वाट धरली. 12 फेऱ्यांच्या त्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नाव कोणीही पुकारले नाही. एडमंटनकडून कॅनडाच्या लीगचा ग्रे कप सलग पाच वेळा जिंकल्यावर 1984 मध्ये ते ह्यूस्टनला आले आणि 2006 मध्ये थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेले. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होत.

एवढा इतिहास एका पुस्तकाच्या परीक्षणात कशासाठी, असे कोणी म्हणेल. ड्राफ्टचे टिपण हे भाकीत असते आणि भाकीत करणारा मागे पाहूनच पुढचे सांगत असतो, म्हणून तो लागतो. या पुस्तकात प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘कोणासारखा’ नावाची एक ओळ असते. नवा मुलगा कोणत्या जुन्या खेळाडूची आठवण करून देतो ते तिथे सांगितलेले असते. वाचकाला ही ओळ सर्वांत आवडते आणि माझ्या मते पुस्तकात सर्वांत आळसाने लिहिली जाते ती हीच. गोऱ्या रिसीव्हरला वेस वेल्कर, ज्युलियन एडेलमन आणि कूपर कप या तिघांच्या पलीकडे पूर्वज नाहीत, असा समज ही ओळ वाचून व्हावा. उंची पाच फूट नऊ असो की सहा फूट तीन, मुलगा कडेला खेळत असो की आत, वर्ण जुळला की तुलना जुळली. खुद्द कप 40 यार्ड 4.62 सेकंदांत धावले म्हणून 2017 मध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत थांबले आणि 2021 च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत अव्वल येऊन सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्याचे सर्वोत्तम खेळाडूही ठरले. हे सारे ठाऊक असूनही त्यांचे नाव इथे एका साच्यासारखे वापरले जाते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकचे पूर्वजही कृष्णवर्णीयच. खिशात उभा राहून शांतपणे पास देणाऱ्या मुलाची तुलनासुद्धा पळणाऱ्या क्वार्टरबॅकशी केलेली मी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली आहे. (फुटबॉलमध्ये ‘खिसा’ म्हणजे रक्षकांनी क्वार्टरबॅकभोवती धरलेले कडे. शब्द मला पहिल्यापासून आवडतो.) खेळाडूंची नावे मी देत नाही, ती वीस-बावीस वर्षांची मुले आहेत आणि त्यांच्याविषयी बरेवाईट लिहायला बाकीचे पुष्कळ आहेत.

शब्दांचा हा फरक निव्वळ भाषेचा राहत नाही, तो निवडीच्या क्रमांकात आणि म्हणून पैशांत उतरतो. मी विकत घेतलेली पहिली आवृत्ती 2018 ची होती आणि त्या वर्षी पाच क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत गेले. 2016 ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान, जिंकलेले लमार जॅक्सन त्यांत अगदी शेवटी, 32 व्या क्रमांकावर निवडले गेले. त्यांनी रिसीव्हर व्हावे, असे मत बिल पोलियन यांच्यासारख्या हॉल ऑफ फेममधील माजी व्यवस्थापकाने ड्राफ्टपूर्वी जाहीरपणे मांडले होते. जॅक्सन यांनी कंबाइनमध्ये 40 यार्डांची धाव घेण्याचेच टाळले. त्या एका आकड्याचा उपयोग कोणत्या बाजूने होईल हे त्यांना कळत असावे, असे मला वाटते. त्याच वर्षी जॉश ॲलन सातव्या क्रमांकावर गेले. शेवटच्या महाविद्यालयीन वर्षात त्यांचे सुमारे 56 टक्के पास पूर्ण झाले होते आणि जॅक्सन यांचे सुमारे 59 टक्के. पण ॲलन यांनी दुसरी जागा शोधावी असा आग्रह कोणी धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे दोघेही आपापल्या परीने थोर ठरले. जॅक्सन 2019 च्या हंगामात एकमताने सर्वोत्तम खेळाडू निवडले गेले, 2023 मध्ये पुन्हा तो मान त्यांना मिळाला आणि 2024 मध्ये तो ॲलन यांच्याकडे गेला. पोलियन यांनी आपली चूक झाल्याचे नंतर कबूल केले, हा त्यांचा मोठेपणा. मार्गदर्शिका मात्र आपल्या जुन्या भाकितांचा हिशेब कधीच छापत नाहीत. यंदाच्या आवृत्तीतही तो नाही आणि या दोषासाठी मी अर्धा तारा कापला आहे.

साचा दोन्ही बाजूंनी कापतो, हे कॉर्नरबॅक आणि चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक या विभागांत दिसते. जेसन सिहॉर्न न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळायचे थांबले, त्यानंतर सुमारे दोन दशके नियमितपणे सामना सुरू करणारा गोरा कॉर्नरबॅक एनएफएलमध्ये जवळजवळ दिसलाच नाही. गोऱ्यांना हे जमत नाही म्हणून, की जमेल त्यालाही शाळेपासूनच सेफ्टीकडे वळवले जाते म्हणून? 2024 च्या ड्राफ्टपूर्वी आयोवा विद्यापीठाच्या कूपर डीजीन यांच्याविषयी, कॉर्नर खेळत असतानाही, ते पुढे सेफ्टी होतील ही चर्चा सतत चालू होती. फिलाडेल्फियाने त्यांना दुसऱ्या फेरीत 40 व्या क्रमांकावर घेतले आणि आतल्या बाजूचा कॉर्नरबॅक म्हणून खेळवले. 9 फेब्रुवारी 2025 रोजी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्यांनी सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्स यांचा पास अडवला आणि 38 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी 2015 मध्ये स्टॅनफर्डकडून सर्व प्रकारांत मिळून 3,864 यार्ड काढून महाविद्यालयीन विक्रम मोडला, कंबाइनमध्ये 40 यार्ड 4.48 सेकंदांत कापले, तरी ते मुख्य रनिंग बॅकचे ओझे पेलतील का, ही शंका त्यांच्या मागे लागली. 2023 मध्ये 1,459 यार्ड धावून ते लीगमध्ये पहिले आले. यंदाच्या पुस्तकातील रनिंग बॅकच्या विभागात एका गोऱ्या मुलाच्या वेगाला ‘अनपेक्षित’ म्हटले आहे. शेजारच्याच चौकटीत त्याची वेळ छापलेली आहे. ती उत्तम आहे. मग अपेक्षा कोणाची होती?

आमच्या भारतीय मुलांना तर कोणत्याच थप्पीत जागा नसते. माझा मुलगा आठवीत असताना शाळेच्या संघनिवडीला गेला, तेव्हा अतिशय सज्जन अशा प्रशिक्षकाने त्याच्याकडे एकदा पाहिले, “तू सॉकर खेळत असशील,” असे म्हटले आणि त्याला किकरच्या, म्हणजे चेंडू लाथाडणाऱ्यांच्या, रांगेत उभे केले. तो सॉकर कधीच खेळला नव्हता. तो हा किस्सा रंगवून सांगतो. मला अजून तसा तो सांगता येत नाही.

‘मानसिक तयारी’ हा उपविभाग यंदा नव्याने जोडलेला आहे आणि पुस्तकातील हे सर्वांत दुबळे पान आहे. 12 मिनिटांत 50 प्रश्नांची वंडरलिक चाचणी लीगने 2022 मध्ये कंबाइनमधून काढून टाकली, ते बरेच झाले. तिच्या जागी आलेल्या खासगी चाचण्यांच्या ऐकीव गुणांना इथे नको तितके वजन दिले आहे. 2023 मध्ये सी. जे. स्ट्राउड यांचे अशाच एका चाचणीतील कमी गुण बातम्यांतून फुटले होते आणि त्याच हंगामाअखेर ते आक्रमणातील सर्वोत्कृष्ट नवोदित ठरले. कृष्णवर्णीय खेळाडूच्या बुद्धीविषयीच्या गृहीतकाची या लीगने कागदोपत्री किती मोठी किंमत वसूल केली, हे विसरण्याइतका काळही लोटलेला नाही. मेंदूच्या इजांबद्दल माजी खेळाडूंना भरपाई देताना कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरली जात असे, त्यामुळे त्यांची घसरण कमी भरे आणि दावा फेटाळला जाण्याची शक्यता वाढे. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी 2020 मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि 2021 मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले. हा उपविभाग लिहिणाऱ्याच्या मनात हे प्रकरण असते तर ‘आकलन मंद’ असा शेरा त्याने पुरावा न देता मारला नसता.

चांगला बदलही नोंदवला पाहिजे. क्वार्टरबॅकच्या विभागातील भाषा 2018 च्या मानाने खूप सुधारली आहे. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये महोम्स आणि जेलन हर्ट्स समोरासमोर आले आणि दोन्ही बाजूंचे मुख्य क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये निवडले गेलेले पहिले तिन्ही क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. बाजारात काय खपते हे ओळखण्यात प्रकाशक कधी मागे राहत नाहीत. यंदा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या टिपणांत ‘बचाव वाचतो’, ‘दुसऱ्या पर्यायाकडे वेळेवर वळतो’ अशी निरीक्षणे आहेत आणि ती कोणत्या सामन्याच्या कोणत्या चालीवरून केली, हेही सांगितले आहे. सेंटर आणि गार्ड यांचा विभागही निर्मळ आहे. तिथे पावले कशी पडतात, हात कुठे बसतात, यापलीकडे लेखक जात नाही आणि म्हणून मला तो विभाग सर्वांत आवडला. इतर विभागांच्या लेखकांनी याच माणसाकडे शिकवणी लावावी.

पाचपैकी मी साडेतीन तारे देते: आकड्यांना पूर्ण गुण, भाकितांचा हिशेब न दिल्याबद्दल अर्धा वजा, ‘कोणासारखा’ या ओळीबद्दल एक वजा. ज्यांना घरच्या फँटसी लीगपुरते (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ जुळवायच्या खेळापुरते) नाव आणि क्रमांक हवे आहेत त्यांनी हे पुस्तक घेऊ नये, तेवढे फुकटात मिळते. ज्यांना सामना पाहताना एखादा नवा मुलगा नेमका काय करतो आहे हे समजून घ्यायचे आहे त्यांनी अवश्य घ्यावे, आणि परिच्छेद आधी व चौकट नंतर असे न करता चौकट आधी वाचावी. पीडीएफ स्वस्त पडते हे खरे, पण छापील प्रतच मागवावी; पडद्यावर चिकटचिठ्ठी लावता येते, पान सरकले की ती भलत्याच मुलाच्या तोंडावर जाऊन बसते.